आरसा मोकळा झाला की सांगा

रोज सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःच स्वतःची दोन मिनिटं स्तुती करायची, असा एक नवा गृहपाठ आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या पोरींच्या मागं लागला आहे. तो शाळेनं दिलेला नाही. मोबाईलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये एक तुकतुकीत मुलगी येते. तिच्या मागं पांढरी भिंत, कोपऱ्यात एक हिरवी कुंडी. ती सांगते, आरशात स्वतःच्या डोळ्यांत बघा आणि म्हणा, मी सुंदर आहे, मी सक्षम आहे, मी जशी आहे तशी मला आवडते. याला म्हणे पॉझिटिव्ह अफर्मेशन म्हणतात. नववीतल्या एकीनं मला विचारलं, "मॅडम, तुमचं कन्फर्मेशन झालं का?" रेल्वे जंक्शनच्या गावातली पोर, तिला काय दोष द्यायचा!

माझी हरकत स्तुतीला नाही, आरशाला आहे.

आमगाव, सालेकशाकडच्या साध्या घरात आरसा एकच असतो. प्लॅस्टिकच्या चौकटीतला, दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला. खिळा ठोकला वडिलांनी, स्वतःच्या दाढीच्या मापानं. त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलीला टाचा उंच केल्या तर त्यात कपाळ दिसतं, नाही केल्या तर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर. कडेनं आईच्या काढून चिकटवलेल्या टिकल्या. सकाळी त्याच्यासमोर आधी वडील, मग भाऊ. भाऊ केसांना काहीतरी चोपडून पंधरा मिनिटं वेगवेगळ्या कोनांतून स्वतःला न्याहाळतो. त्याला कुणी अफर्मेशन शिकवलेलं नाही. त्याचं ते जन्मापासून अखंड चालू आहे. मग आईचं कुंकू. मुलीची पाळी येते तेव्हा बस वळणावर हॉर्न देत असते. एक वेणी झालेली, दुसरी व्हायची, दातांत रिबीन. दातांत रिबीन धरून 'मी सक्षम आहे' म्हणून बघा एकदा.

त्यातून एखादीनं नेट लावून, दुपारी घर शांत असताना, आरशाशी चार शब्द बोलून घेतलेच, तर ओसरीवर तांदूळ निवडणारी आजी असतेच.

"कोणासंग बोलून रायली वं?"

"कोणासंग नाई आजी."

"मंग मोबाईल कुठं हाय?"

मोबाईल बाबांच्या खिशात आहे, बाबा गिरणीवर आहेत, हे सिद्ध करण्यात पहिली पाच मिनिटं जातात. मग खरं कारण सांगावं लागतं. ते ऐकून आजी निवडण्याचं सूप खाली ठेवते. स्वतःच्या तोंडानं स्वतःला चांगलं म्हणू नये, नजर लागते.

"कोणाची नजर? इथं तं कोणीच नाई."

"सोताचीच लागते. तेच सगळ्यात वाईट."

मग मीठ-मोहरी, लाल मिरच्या, चुलीत टाकल्यावर उठलेला ठसका. एका अफर्मेशनला सात मिरच्या, असा आमच्याकडचा साधारण दर आहे.

गंमत म्हणजे आजीला हे शास्त्र नवं नाही. तिच्या मते घराच्या वास्तूत बसलेला वास्तुपुरुष दिवसभर 'तथास्तु' म्हणत असतो. म्हणून घरात अभद्र बोलायचं नाही. डबा रिकामा झाला तरी 'तांदूळ संपले' म्हणायचं नाही. आपण जे बोलू ते खरं होतं, यावर तिचा रीलवाल्या मुलीपेक्षा जास्त विश्वास आहे. फक्त तिचा वास्तुपुरुष निवडक ऐकतो. हीच आजी सकाळपासून नातीला 'मेले', 'घोडे', 'कुठं उलथलीस' अशा संबोधनांनी हाक मारत असते, आणि त्यातल्या एकालाही तथास्तु होत नाही. वर्षानुवर्षं मेली म्हणून हाक मारलेल्या पोरी धडधाकट राहिल्या, लग्नं करून तिरोड्याला, बालाघाटला, रायपूरला गेल्या. पण 'मी हुशार आहे' एवढं म्हणायचा अवकाश, की वास्तुपुरुष खडबडून जागा झालाच!

या साऱ्या प्रकाराचा मूळपुरुष शोधत गेलं, तर तो एक औषधविक्रेता निघतो. एमिल कुए हा फ्रान्समधला फार्मासिस्ट, जन्म 1857 चा. त्रुआ गावात त्याचं दुकान होतं. त्याच्या लक्षात आलं, की बाटली मुकाट्यानं दिली तर औषध जेवढं लागू पडतं, त्यापेक्षा 'हे फार नामी आहे हो' असं सांगून दिली तर जास्त लागू पडतं. पुढं नान्सी शहरात त्यानं बाटलीच काढून टाकली आणि नुसतं सांगणंच ठेवलं. आपण दिवसेंदिवस सर्व बाजूंनी सुधारत चाललो आहोत, अशा अर्थाचं एक वाक्य त्यानं तयार केलं. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना, डोळे मिटून, ते वीस वेळा म्हणायचं. मोजायला वीस गाठींची दोरी. 1920 नंतरच्या चारपाच वर्षांत लंडनपासून अमेरिकेपर्यंत लोक त्या दोरीच्या गाठी मोजत होते.

आमच्या शाळांत सोमवारी मुलींना लोहाची निळी गोळी मिळते. ती नुसती वाटली तर अर्ध्या गोळ्या खिडकीबाहेरच्या जास्वंदीला मिळतात. पण एखादी अनुभवी बाई गोळी हातावर ठेवताना सहज म्हणते, "घे वं, केस कसे जाड होतात बघ." त्या वर्गातली जास्वंद अशक्तच राहते. या बाईंनी कुएचं नाव ऐकलेलं नाही, पण त्याच्या दुकानात त्यांना ताबडतोब नोकरी लागली असती.

कुएची एक अट मात्र महत्त्वाची होती. वाक्य जोर लावून म्हणायचं नाही. मुठी आवळायच्या नाहीत, निर्धार करायचा नाही. सहज, एकसुरात, ओठांतल्या ओठांत, पण रोज. ते नकळत आत मुरलं पाहिजे.

हे वाचलं आणि मला आमच्या समस्त आत्या, मावश्या, काक्या, शेजारणी डोळ्यांसमोर दिसल्या. ही पद्धत त्यांच्याइतकी काटेकोरपणे नान्सीतही कुणी पाळली नसेल. सहज, एकसुरात, जोर न लावता, रोज. 'रंग जरासा दबला, पण नाकीडोळी बरी आहे.' 'मुलीच्या जातीनं एवढ्या मोठ्यानं हसू नये.' 'गणित जमत नाही ना? तुझ्या आईलाही जमत नव्हतं.' 'किती वाळलीस!' आणि पंधरा दिवसांनी, त्याच तोंडानं, 'किती सुटलीस!' दोरी नाही, गाठी नाहीत, मोजदाद नाही. भाजी निवडता निवडता, पापड लाटता लाटता मंत्र चाललेले. त्यात राग नसतो, द्वेष नसतो, खरं तर माया असते, म्हणून तर ते आत मुरतं.

दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर नाटक. घर पाहुण्यांनी भरून जातं. मंडईत सोयरिकीही जुळतात, त्यामुळे पाहुण्यांच्या नजरेला हंगामी धार असते. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या दहावीतल्या मुलीची उंची, रंग, चाल, आवाज आणि ट्रे धरायची पद्धत या पाचही विषयांचा निकाल कप बशीत टेकण्यापूर्वी लागतो. वर्षभर आरशासमोर साठवलेलं सगळं एका मंडईत खर्ची पडतं.

या मंत्रांचा कळस म्हणजे नाव. पश्चिम महाराष्ट्रात तिसऱ्या-चौथ्या मुलीला 'नकुशी' म्हणून हाक मारायची रीत होती. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून जास्त मुलींना समारंभानं नवी नावं दिली. आयुष्यभर दिवसातून पन्नास वेळा 'नकुशी' ऐकायचं, आणि ऐकल्यावर 'ओ' द्यायची, यावर विनोद सुचत नाही. आमच्याकडं त्या मानानं बरं. स्त्री-पुरुषांचा आकडा 2011 च्या जनगणनेत जवळजवळ बरोबरीनं भरला. पण आकडा बरोबरीचा असला, म्हणून आरशापुढची रांग बरोबरीची होते असं नाही.

खरं तर आमचा अख्खा जिल्हाच रोज एक अफर्मेशन म्हणत असतो. भंडाऱ्यातून 1 मे 1999 ला वेगळे निघालो, त्याला आता पाव शतक होऊन गेलं. तरी पुण्याच्या हॉस्टेलमध्ये आमची पोरगी गाव सांगते, तेव्हा समोरची विचारते, "ते मध्य प्रदेशात ना?" "नाही, महाराष्ट्रात." "मग तू मराठी इतकं छान कसं बोलतेस?" आम्ही महाराष्ट्रात आहोत, हे वाक्य आम्ही वीस वेळा सोडा, दोनशे वेळा म्हणून पाहिलं. फरक एवढाच पडला, की काही लोक आता मध्य प्रदेशाऐवजी छत्तीसगड म्हणतात.

शाळेचा अनुभव आणखी निराळा. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला चांगली वाक्यं म्हणायची सवय रीलनं नाही लावली. परिपाठ रोजचाच. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. प्रतिज्ञा हे तर देशातलं सर्वांत जास्त वेळा म्हटलेलं अफर्मेशन असावं. ती 1962 साली तेलुगूत लिहिली, आणि लिहिणारे पैडिमरी वेंकट सुब्बाराव विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी होते. कोषागारातून बाहेर पडलेली आणि एकही त्रुटी न निघता देशभर मंजूर झालेली ही बहुधा एकमेव गोष्ट. पण हात पुढं करून ती म्हणताना पोरींचा दुसरा हात काय करत असतो, हे मला मागच्या रांगेत उभं राहून कळलेलं आहे. पुढच्या मुलीच्या वेणीला सेफ्टी पिन लावत असतो.

सुविचाराचा फळा तर आमच्या शाळांचं वैभव. रंगीत खडूनं काढलेली चौकट, कोपऱ्यात फूल. सुविचार लिहायची पाळी असलेली मुलगी अक्षर कसं आलं ते बघते, 'सुविचार' वरची रेघ सरळ आली का ते बघते, आणि अर्थाच्या वाटेला अजिबात जात नाही. 'अपयश ही यशाची पहिली पायरी आहे' हे वाक्य चाचणीचे पेपर वाटल्याच्या दिवशी फळ्यावर होतं. पायऱ्या खूप झाल्या, जिना काही दिसेना, असं एकजण पुटपुटल्याचं माझ्या कानावर आलं. दहा वर्षं रोज एक, म्हणजे दोन-अडीच हजार सुविचार ऐकून ज्या बाहेर पडतात, त्यांना गोड वाक्य कानावरून कसं जाऊ द्यायचं हे कुणी शिकवायला नको.

आणि जिच्या कानावरून जात नाही, तिची पंचाईत वेगळीच होते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 साली याच गोष्टीचा प्रयोग प्रसिद्ध केला. आपण प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहोत, असं वाक्य लोकांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं, त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं वाईट होतं, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्या तशाच लोकांपेक्षा जास्त वाईट वाटलं. म्हणजे ज्यांच्यासाठी औषध काढलं, त्यांनाच ते बाधलं. भरल्या पोटी लागू पडणारं भुकेवरचं औषध!

याचं कारण विचारायला कॅनडापर्यंत जायला नको. देवरीची अकरावीतली एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, मी 'माझ्यात आत्मविश्वास आहे' म्हणते ना, तं आतून आवाज येते, 'मंग गणिताच्या सरले शंका इचारून दाखव.'" आतल्या आवाजाची ही हजरजबाबी सवय रीलवाल्यांनी हिशेबात धरलेली नाही. एक वाक्य आपण म्हणावं, तर आतली आत्या दोन वाक्यं परत करते. शिवाय ती आत्या असल्यामुळे शेवटचा शब्द तिचाच.

क्लॉड स्टील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1988 मध्ये जरा वेगळी वाट मांडली. स्वतःला शाबासकी द्यायच्या भानगडीत न पडता, आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं ते आठवायचं. पुढं 2006 साली जेफ्री कोहेन आणि मंडळींनी अमेरिकेतल्या एका शाळेत मुलांना त्यावर थोडा वेळ लिहायला लावलं, आणि एरवी कमी लेखल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचे गुण सुधारले. नंतर इतरांनी हा प्रयोग केला तेव्हा कुठं पडताळा आला, कुठं नाही. पण आरसा लागत नाही, हा मोठाच फायदा.

मी तो प्रयोग करून पाहिला. म्हणजे प्रयोग हा शब्द मोठा झाला. सुट्टीच्या शिबिरात पोरींना कागद दिले आणि म्हटलं, स्वतःबद्दल एक चांगलं वाक्य लिहा, पण आतल्या आत्याला उलट उत्तर देता येणार नाही असं. आधी सगळ्यांनी शेजारणीच्या कागदात बघितलं. मग कागद भरू लागले. 'माझ्या हातची भाकर फुगते.' 'मी रोवणीत आईच्या बरोबरीनं ओळ पुरी करते.' 'मला पोवारी, मराठी, हिंदी आणि छत्तीसगडी येते, इंग्रजी पण येत आहे, रस्त्यात आहे.' 'मी लहान भावाचा जातीचा दाखला स्वतः जाऊन काढला.' 'मी सापाला भीत नाही, सरपंचाला भिते.' एकीनं फक्त 'मी पडते पण सायकल सोडत नाही' एवढं लिहिलं होतं, आणि खाली जखमेचं चित्र काढून बाण दाखवला होता. पुराव्यासह अफर्मेशन मी पहिल्यांदाच बघितलं.

सायकलीवरून आठवलं. माझ्या मते या जिल्ह्यात मुलींसाठी निघालेलं सर्वांत उत्तम अफर्मेशन निळ्या रंगाचं आहे, आणि ते एस.टी. महामंडळ चालवतं. मानव विकास कार्यक्रमातली शाळकरी मुलींची बस. पाचेक किलोमीटरच्या आतल्या गरजू मुलींना याच कार्यक्रमात आठवीपासून सायकल मिळते. बस कधी उशिरा येते, सायकलीची चेन शाळेच्या अलीकडं हमखास पडते, ते सगळं खरं. पण 'तू शिकावीस असं आम्हाला वाटतं' हे वाक्य कुणी दोन चाकांवर उभं करून दारात आणून ठेवलं, तर आतल्या आत्याला त्यावर काही बोलता येत नाही. ती फार तर 'पंक्चर कोण काढणार?' एवढं विचारते. ते पोरी स्वतः काढतात.

मोठी स्वप्नं बघा, असंही रीलमध्ये सांगतात. त्याची सोय आमच्याकडं डोक्यावरच आहे. बिरसीच्या विमानतळावर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे. तिथली छोटी शिकाऊ विमानं दिवसभर धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालतात. बाहेरगावच्या एका वक्त्यानं व्याख्यानात मुलींना विचारलं, "आकाशात उडायला तुम्हाला कोण अडवतंय?" मागून उत्तर आलं, "फी, सर." वक्ते दोन क्षण थांबले आणि जिद्दीकडं वळले. त्याच सभेत पुढं बसलेल्या एका लहानीनं मला हळूच विचारलं, की आपल्या जिल्ह्याला कादंबरी बलकवडे, नंतर नयना गुंडे अशा बाया कलेक्टर होत्या ना, तर कलेक्टर व्हायला विमानाएवढी फी लागते का? मी म्हटलं, नाही, फार तर पुस्तकं लागतात. तिनं ते वहीत लिहून घेतलं. जिद्दीबद्दल काहीच लिहिलं नव्हतं.

पोरींना काय म्हणायचं ते शिकवून झालं, आता घरच्यांनाही जरा शिकवावं, या विचारानं गोरेगाव तालुक्यातल्या एका पालकसभेत वर्गाच्या बाईंनी एक खेळ काढला. रोवणी आटोपली होती, म्हणून एरवी न दिसणारे वडीलही आले होते. प्रत्येकानं आपल्या मुलीकडं बघून तिच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. आधी आया उठल्या. "चांगली हाय, पण आळशी हाय." "अभ्यास करते, पण मोबाईल..." बाईंनी नियम केला, 'पण' म्हणायचं नाही. वर्गात एकदम शांतता पसरली. 'पण' काढून घेतल्यावर आपल्याकडच्या मायेला उभं राहायला जागाच उरत नाही.

बऱ्याच वेळानं एक वडील उठले. मुलीकडं न बघता, खिडकीकडं बघून म्हणाले, "रातच्या लाईनीत मोटर चालू करते हे. एकटी."

"मोटर नाई बाबा," मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली, "स्टार्टर बिघडला होता. वायर मीच जोडली."

"हो, ते बी."

एवढ्यानं सभेचा रंगच पालटला. एकाच्या पोरीनं स्टार्टर जोडला म्हटल्यावर दुसरा कसा गप्प बसेल? त्याची मुलगी सातबारा ऑनलाईन काढत होती. तिसऱ्याची धान खरेदी केंद्रावर वजनाकाट्याजवळ उभी राहून हिशेब बघत होती, आणि व्यापारी म्हणे तिला बघून काटा पुन्हा तपासत होते. चौथ्याची मुलगी ट्रॅक्टर मागं घेत होती, ट्रॉलीसकट. बाईंनी ठरवलेली वेळ कधीच टळून गेली. पाचव्या बापाची पाळी आली तोवर चांगल्या चांगल्या गोष्टी सगळ्या संपल्या होत्या. तो उभा राहिला, मान खाजवली, मुलीकडं बघितलं.

"आमची लय खाते, पण..."

"पण नाही!" बाई म्हणाल्या.

तो विचारात पडला. "लय खाते," म्हणाला, आणि बसायला लागला.

सगळा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं ती मुलगीच हसली, मुलीच्या जातीनं हसू नये इतक्या मोठ्यानं, आणि उभी राहून म्हणाली,

"आन् पचवते बी, मॅडम. लिहून घ्या."